पाइनच्या रानात नियंत्रित आग: शेंडा हिरवा दिसला म्हणून झाड वाचलं असं समजू नका, आणि इतर चुका

नियंत्रित आगीनंतर, म्हणजे साचलेला पाचोळा कमी करायला मुद्दाम लावलेल्या हलक्या आगीनंतर, महिनाभरात रानात जायचं, शेंडे हिरवे दिसले की वहीत 'झाडं सुखरूप' लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की नव्या मुलांबरोबर निघताना पहिली ताकीद हीच देते: आधी बुंधा बघा, शेंडा नंतर.

जिवंत ऊती साधारण ६० अंश सेल्सिअसला मिनिटभरात मरतात. सालीखालचं कॅम्बियम, म्हणजे खोड जाड करणारा पेशींचा पातळ जिवंत थर, वाचतं ते सालीमुळे. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साल दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट मिळतो. त्यामुळे झपाट्याने पुढे गेलेली ज्वाळा मोठ्या पाइनचं सहसा फारसं बिघडवत नाही. बिघडवतो तो बुंध्याशी तासन् तास धुमसणारा जुना पाचोळा.

एका रानात अनेक वर्षं आग फिरली नव्हती. म्हाताऱ्या झाडांच्या बुंध्याभोवती सुया आणि सालीचे तुकडे कुजून जाड थर साचला होता. 'एकदाच सगळं साफ करून टाकू' असं ठरलं. ज्वाळा गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत, संध्याकाळी सगळे खूश. बुंध्यांशी धूर निघत होता. थर उकरून पाणी मारा, असं मी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "नुसता धूर आहे, विझेल आपोआप." दुसऱ्या दिवशीही ते धुमसतच होतं. शेंडे मात्र हिरवेगार राहिले. पुढचा उन्हाळा सरता सरता सगळ्यात जुनी, सगळ्यात जाड सालीची झाडं पिवळी पडायला लागली. शेजारची तरणी झाडं, ज्यांच्या पायाशी थर साचलेलाच नव्हता, ती टिकली.

मरायला इतका उशीर का लागला, हे नीट समजून घ्या. बुंध्याशी रसवाहिन्या (साखर खाली नेणाऱ्या) आणि कॅम्बियम भोवतालून मेले होते. जलवाहिन्यांच्या पेशी मुळातच मृत असतात, त्यामुळे पाणी वर चढत राहिलं आणि शेंडा हिरवा दिसला. पण सुयांनी बनवलेली साखर खाली मुळांपर्यंत पोचेना. मुळं साठवलेल्या पिष्टावर जगली आणि तो संपल्यावर पाणी ओढायची थांबली. शिवाय कुजक्या थरात वर चढून आलेली बारीक मुळं आगीतच गेली होती. अशा दुबळ्या झाडांवर सालकिडेही येतात.

माझी सवय: जाळण्याआधी हात थराच्या तळापर्यंत घालते. तळाचा भाग ओला, गार लागला तरच जाळायचं. कोरडा भुगा हाताला आला तर काडी लावू देत नाही, मग माणसं आणि पाण्याचे पंप तयार उभे असले तरीही. साचलेला थर दोन-चार हलक्या आगींत, मध्ये पुरेसा काळ सोडून उतरवावा. बुंध्याभोवतीचा थर दाताळ्याने ओढून काढणं हा अनेकांचा आवडता जवळचा रस्ता आहे, पण आग लावायच्या सकाळी घाईने ओढलंत तर बारीक मुळं तुम्हीच तोडता. आगीनंतर खुणा केलेली झाडं किमान तीन हंगाम बघत राहा.

याच्या नेमकी उलटी चूक म्हणजे तपकिरी झालेलं झाड मेलं समजून तोडणं. सुया होरपळणं वेगळं आणि कळ्या मरणं वेगळं. लाँगलीफ पाइनच्या जाड, खवल्यांनी झाकलेल्या कळ्या सगळ्या सुया होरपळूनही वाचू शकतात. चाकूने कळी उभी चिरा. आत ओलसर, फिकट हिरवं दिसलं तर थांबा.

हवेचं तापमान दुर्लक्षू नका. ३५ अंशाच्या दुपारी सुईला ६० गाठायला २५ अंशच हवेत, १० अंशाच्या सकाळी ५०. नवे कोवळे कोंब लांबत असताना तर जाळूच नका.

आगीनंतर प्रकाशसंश्लेषणाचा दर वाढलेला दिसला की 'आग मानवली' असं लिहू नका. सुया कमी उरल्या आणि मुळं शाबूत असली की प्रत्येक सुईला पाणी आणि नायट्रोजन जास्त मिळतं, म्हणून दर वाढतो. एकूण सुयाच निम्म्या झाल्या असतील तर झाडाची एकूण कमाई घटलेलीही असू शकते. दराशेजारी उरलेल्या सुयांचा अंदाज आणि न जाळलेल्या झाडाचं मोजमाप, दोन्ही हवंच.

पहाटेचा जलदाब, म्हणजे झाडातल्या पाण्यावर किती ताण आहे याचं मोजमाप, पहाटेच घ्या. ऊन आल्यावर पर्णरंध्रं उघडलेली असतात, पाणी उडत असतं आणि ताण वाढतो. तेव्हा घेतलेला आकडा पहाटेचा म्हणून नोंदवणाऱ्यांची वही मी वापरत नाही.

राळेसाठी खोड चिरलेल्या चीडच्या झाडांभोवतीचा पाचोळा आधी हटवा. उघड्या जखमेवरची राळ पटकन पेट घेते, आणि तिथे साल नसते.