पोरांना अंतर पाळायला लावायचं तर

कोरोनासारखी साथ पुन्हा आलीच, तर सोसायटीतल्या पोरांना नोटीस लावून दटावू नका. नोटीस आमच्या कोथरूडातही कुणी वाचत नाही! मार्च 2020 मध्ये हीच मुलं आम्हा म्हाताऱ्यांच्या किराणाच्या पिशव्या दारात ठेवून चार पावलं मागे सरकायची. फेब्रुवारी 2021 उजाडेपर्यंत पार्किंगमध्ये एका बाइकवर तिघं, मास्क हनुवटीला. बेफिकीर म्हणणं सोपं आहे. पण कॉलेज मोबाइलवर, परीक्षा लांबलेल्या, आणि मोठी माणसं मात्र लग्नाच्या पंगतीत.

तेव्हा आधी आपण पाळा. मग 'भेटू नका' म्हणण्यापेक्षा कुठे भेटायचं ते सांगा. संध्याकाळी गच्चीची किल्ली द्या, खुर्च्या सहा फुटांवर मांडा. कॅरम नको, बॅडमिंटन चालेल. 'तुला होईल' याला विशीतला पोरगा भीक घालत नाही. 'तुझ्या आजीला शुगर आहे' म्हटलं की निमूट सरकतो. कामही सोपवा: औषधं आणणं, ऑनलाइन लसीचा स्लॉट पकडणं. त्यात ती आपल्यापेक्षा तरबेज असतात. लस झाली, साथ ओसरली की नियम सैल करा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी गच्चीवरसुद्धा येणार नाही.