मिग-२१ नंतर, आधी उतरायला शिका: फायटर सिम्युलेटरमध्ये नव्यानं येणाऱ्यांनी या चुका टाळा

२६ सप्टेंबर २०२५ला हवाई दलानं चंदीगडमध्ये मिग-२१ला निरोप दिला. १९६३ साली आलेलं विमान, बासष्ट वर्षांची सेवा. त्या रात्री नेरूळहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुझ्या कॉम्प्युटरवर मिग-२१ आहे ना? मला उडवायचंय." डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं विमान उडवायच्या सॉफ्टवेअरचं, मिग-२१ बिस हे मॉड्यूल (त्यात घालायचं एक विमान) माझ्याकडे आहे. आपल्याकडची शेवटची बायसन विमानं म्हणजे याच बिसचं सुधारित रूप. रविवारी तो ठाण्याच्या लोकलनं वर्तकनगरला आला, मी त्याला थेट मिगच्या कॉकपिटमध्ये बसवलं आणि चार तासांनी तो म्हणाला, "राहू दे मामा, हे माझ्यासाठी नाहीये."

चूक सर्वस्वी माझी होती. मिग-२१चं नाकाखालचं चाक स्टिअरिंगनं वळत नाही. स्टिकवरचा, म्हणजे हातातल्या दांड्यावरचा, ब्रेकचा खटका दाबायचा, त्याच वेळी पायानं रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) द्यायचा, मग एका बाजूचं चाक जास्त अडतं आणि विमान तिकडे वळतं. हे माहीत नसलेला मुलगा अर्धा तास धावपट्टीपर्यंतसुद्धा पोचला नाही. पुढे उतरताना त्यानं जे केलं ते कोणीही नवखा करेल: जमीन जवळ आली तसा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घेतला. या विमानात उतरताना फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्यांवर) इंजिनातून काढलेली हवा फुंकली जाते. इंजिनाचे फेरे कमी झाले की ती हवा कमी होते, पंखांची उचल जाते आणि विमान दगडासारखं खाली बसतं. पाच वेळा आपटल्यावर त्यानं हेडफोन काढून ठेवला.

हा छंद इतक्या थोड्या लोकांपुरता का राहिला, याचं उत्तर बहुतेक जण "फार अवघड आहे" असं देतात. अवघड आहेच. फाल्कन ४.० हे सिम्युलेटर १९९८ साली आलं तेव्हा त्याच्यासोबत रिंगच्या बाइंडरमध्ये जाडजूड मॅन्युअल यायचं, आणि डीसीएसच्या ए-१०सी विमानाचं मॅन्युअल सहाशे पानांच्या वर जातं. पण तबलाही अवघड आहे, आणि नौपाड्यात तबल्याच्या क्लासला मुलं जातातच की. तिथे गुरुजी पहिल्या दिवशी पेशकार वाजवायला सांगत नाहीत, आठवडाभर नुसता 'ना' घासून घेतात. आपल्या छंदात नवा माणूस येतो तो आवडत्या फायटरचं चित्र मनात घेऊन, आणि त्याला 'ना' शिकवणारं कोणी भेटत नाही. माणसं गळतात ती इथे, पहिल्या महिन्यात.

खुद्द हवाई दलाला ही पायरी किती मोलाची वाटते ते पाहा. दुंडीगलच्या अकादमीत छात्र पिलॅटस पीसी-७ या प्रॉपेलरच्या विमानावर हात बसवतात, मग जेट ट्रेनर, मग फायटर. प्रगत जेट ट्रेनर नाही ही अनेक वर्षं मोठी उणीव होती. शिकाऊ विमानावरून थेट मिग-२१वर जाणं ही फार उंच उडी आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. अखेर २००८ साली हॉक ट्रेनर दाखल झाला.

पहिलं विमान चुकीचं निवडणं

एफ-१६ किंवा एफ/ए-१८ या अमेरिकी फायटरचं मॉड्यूल पूर्ण किमतीला ऐंशी डॉलरच्या आसपास पडतं. ते घ्यायचं, मग बॅटरीपासून सगळं बंद असलेल्या विमानात बसायचं आणि पहिला आठवडा नुसतं इंजिन चालू करण्यात घालवायचा, हा नेहमीचा मार्ग. एफ/ए-१८मध्ये दिशादर्शक यंत्रणा जुळेपर्यंतच काही मिनिटं थांबावं लागतं. कामावरून घरी येऊन रात्री दीड तास मिळणारा माणूस यात उडतो किती?

सुरुवातीला पैसे घालूच नका. डीसीएससोबत दोन विमानं आणि कॉकेशसचा नकाशा फुकट मिळतो. सुखोई-२५टी हे जमिनीवर हल्ला करणारं जेट आहे, शस्त्रं आहेत, पण कॉकपिटमधली बटणं माउसनं दाबता येत नाहीत, सगळं कीबोर्डवर. दुसरं टीएफ-५१डी, दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगचं दोन आसनांचं शिकाऊ रूप. शस्त्र एकही नाही आणि म्हणूनच बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. माझ्या मते शिकायला याच्याइतकं प्रामाणिक विमान नाही. तुमची प्रत्येक चूक ते लगेच दाखवतं. थ्रॉटल एकदम पुढे ढकललात तर प्रॉपेलरच्या जोरानं विमान डावीकडे पळतं. म्हणून उड्डाणाआधी रडर ट्रिम (रडर एका बाजूला आपोआप धरून ठेवणारी सोय) उजवीकडे ५ ते ६ अंश द्यायचा, स्टिक मागे धरून शेपटीचं चाक कुलूपबंद ठेवायचं, आणि थ्रॉटल हळूहळू वाढवत उजवा पाय तयार ठेवायचा. हे जमलं की रडर कशासाठी असतो ते पायाला कळतं, आणि पुढचं कुठलंही विमान सोपं जातं.

पहिले काही दिवस विमान हवेतच असलेल्या मिशनपासून सुरू करा. नुसतं सरळ जा, वळा, पुन्हा सरळ व्हा. इंजिन चालू करायची उत्सुकता असेल तर डावी विंडोज की आणि होम एकत्र दाबलं की विमान स्वतः सगळी बटणं लावतं, ते बघत राहा. दुसऱ्या महायुद्धाची लढाई हवी असेल तर आयएल-२ ग्रेट बॅटल्स हे दुसरं सिम्युलेटरही चांगलं. त्यात यंत्रणांचा पसारा कमी आणि उडणं जास्त.

विमान आपोआप कलतं, थ्रॉटल स्वतःहून उडी मारतो

"स्टिक खराब निघाली" असा मेसेज मला कोणी पाठवला की मी आधी एकच विचारतो: कॉम्प्युटरला आणखी काय काय जोडलंय? डीसीएस नवं उपकरण दिसलं की स्वतःच त्याला अक्ष, म्हणजे नाक, पंख, थ्रॉटल हलवायची कामं, वाटून देतं. स्टिक, वेगळा थ्रॉटल, पॅडल्स, एखादा जुना गेमपॅड, सगळ्यांनाच नाक वर-खाली करायचा अधिकार मिळतो. कोपऱ्यात पडलेल्या गेमपॅडची काडी जराशी वाकडी असली तरी विमान एका बाजूला ओढलं जातं, आणि माणूस चांगली स्टिक परत करायला निघतो.

कंट्रोल्सच्या पानावर जा, वर आपलं विमान निवडा, अक्षांची यादी उघडा. प्रत्येक ओळीत एकाच उपकरणाचं नाव राहील असं बघा, बाकीचे रकाने पुसून टाका. थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिन मंदावत असेल तर त्या अक्षाला उलटं करायची खूण करा. मग उड्डाणात उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा. स्टिक, रडर, थ्रॉटल नेमके कुठे आहेत ते दाखवणारा छोटा चौकोन पडद्यावर येतो. हात सोडल्यावर त्यातली खूण मध्यावर थांबली नाही तर दोष अजून शिल्लक आहे.

प्रत्येक विमानाची मांडणी वेगळी असते, हे नव्यांना कोणीच सांगत नाही. सुखोईला लावलेली बटणं मस्टँगमध्ये चालणार नाहीत. पुन्हा लावावी लागतात. तेवढे कष्ट घेतलेत की 'सेव्ह्ड गेम्स'मधल्या डीसीएसच्या फोल्डरात 'कॉन्फिग' आणि त्यात 'इनपुट' आहे, त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की त्या प्रतीची किंमत कळते.

साध्या, छोट्या हालचालीच्या स्टिकवर नाक सारखं वरखाली नाचतं. त्याच अक्षांच्या पानावर वक्रतेला (कर्व्हेचरला) १५ ते २० द्या, मध्यावरचा नाजूकपणा कमी होतो. आणि उडताना मध्येच स्टिक बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची वीजबचत बंद करा.

शत्रू दिसतच नाही

नवा माणूस समोरच्या काचेतूनच लढतो. शत्रू बाजूला गेला की स्टिकवरचा छोटा हॅट (नजर फिरवायचं बटण) दाबत शोधत बसतो, तोवर तो मागे आलेला असतो. हवाई लढाईत नजर सुटली की लढाई सुटली. त्यामुळे माझ्याकडे कोणी पुढचा खर्च कशावर करू असं विचारलं तर मी महागडी स्टिक कधीच सुचवत नाही. मान वळवली की कॉकपिटमधली नजरही वळेल, अशी सोय आधी करा.

त्यासाठी ट्रॅकआयआर हे मानेची हालचाल टिपणारं उपकरण विकत घ्यायलाच हवं असं नाही. ओपनट्रॅक हे फुकट सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवरही चेहऱ्याची हालचाल ओळखतं. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये टेबल बहुधा खिडकीला लागून असतं आणि मागून उजेड येतो. त्यात कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो आणि नजर थरथरते. खिडकीला पाठ न करता बसा, चेहऱ्यावर एक दिवा ठेवा. मग मान १५ अंश वळली की नजर शंभराच्या वर जाईल असा वक्र लावा, म्हणजे डोळे पडद्यावरच राहतात. पहिले दोन दिवस गरगरल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी हॅट आठवतही नाही.

झूमची की अंगठ्याखाली हवीच. लांबचं विमान पडद्यावर एक ठिपका असतो, आणि तो ठिपका शोधणं हेही शिकायचं कसब आहे.

सामानावर आधी खर्च

पहिली स्टिक काही हजारांत मिळणारी घ्या. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोमध्ये स्टिक पिळून रडर देता येतो, पायथ्याशी थ्रॉटल आहे, १२ बटणं आहेत. पहिले सहा महिने एवढं पुरतं. लॅमिंग्टन रोडवर गर्दीत उभं राहून पूर्ण सेट घेण्याचा उत्साह मला समजतो, पण आपल्याला प्रॉपेलर आवडतो की जेट, हे तोवर ठरलेलंच नसतं. कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्डाआधी एसएसडी आणि ३२ जीबी रॅम बघा. मोठ्या मिशनमध्ये चित्र अडखळतं ते बऱ्याचदा या दोन कारणांनी. त्यावरही अडखळलं तर आरसे बंद करा, सावल्या आणि ढग कमी करा. जून-जुलैत वीज लपंडाव खेळते तेव्हा एक छोटा यूपीएस असू द्या.

स्टिक पोटाशी ओढणं

लढाईत शत्रू दिसला की सगळे जण स्टिक पूर्ण ओढतात. विमान थरथरतं, एक पंख पडतो, गिरक्या सुरू. "वेग तर होता!" वेग असूनही स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटते, कारण स्टॉल ठरतो तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनावर. ६० अंश कलवून उंची न सोडता वळलात तर विमानावर २ जी (वजनाच्या दुप्पट भार) येतात आणि स्टॉलचा वेग जवळपास दीडपट होतो. ४ जीला तो दुप्पट. म्हणून थरथर सुरू झाली की स्टिक थोडी सोडायची. उंची म्हणजे साठवलेला वेग आणि वेग म्हणजे साठवलेली उंची, हा हिशोब ज्याच्या अंगात मुरला तो जुन्या विमानातूनही जिंकतो.

ट्रिम न वापरणं ही याचीच धाकटी बहीण. ट्रिम म्हणजे तुमच्या मनगटावरचा भार विमानानं स्वतःकडे घेणं. वेग बदलला की ट्रिम बदलायचा. मनगट दुखत असेल तर तुम्ही ट्रिम करत नाही आहात.

उतरण्यातल्या चुकांचं मूळ शेवटच्या क्षणात नसतं, ते चार-पाच किलोमीटर मागे असतं. नवी मुंबई विमानतळावर २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी विमानं ये-जा करतात. भाच्याला मी सांगितलं, खाडीकाठी उभा राहून एक विमान उतरताना नीट बघ. चाकं केव्हाच खाली आलेली असतात, फ्लॅप्स लागलेले असतात, आणि ते ३ अंशांच्या उतारावर एका रेषेत येत राहतं. शेवटच्या मिनिटात वैमानिक नवं काहीच सुरू करत नाही. मस्टँगमध्ये ताशी १७० मैल वेगाच्या खाली चाकं काढा, लवकर रेषेत या, आणि बेत फसतोय असं वाटलं की न लाजता पुन्हा वर जा.

दुसऱ्याच आठवड्यात ऑनलाइन

सर्व्हर बहुतेक युरोप-अमेरिकेत आहेत. मध्य युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. सकाळी लोकल पकडायची असलेल्या माणसाला त्या वेळी जाऊन दोन मिनिटांत न दिसलेल्या क्षेपणास्त्रानं पडणं सोसत नाही, आणि कोणी "कसा पडलास" हेही सांगत नाही. त्यापेक्षा एक जोडीदार शोधा आणि दोघांनीच उडा. एकानं पुढे जायचं, दुसऱ्यानं त्याच्या पंखाशी अंतर राखायचं. मला मराठीत याचं शिक्षण कुठे सापडलं नाही, म्हणून भाच्याशी मी फोनवर मराठीतच बोलतो. 'फॉक्स टू' म्हणजे उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र सोडलं, एवढे ठरलेले शब्द तेवढे इंग्रजी.

त्या फसलेल्या रविवारनंतर महिनाभरानं मी त्याला मस्टँगवर बसवलं. पहिल्या दिवशी फक्त सरळ उडालो. सहाव्या रविवारी त्यानं विमान उतरवलं, एकदा उसळलं, पण धावपट्टीवरच थांबलं. तो काही बोलला नाही, स्टिक धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "परत एकदा करतो." आता तो घरी एल-३९ या शिकाऊ जेटवर उडतो. मॉड्यूल १४ दिवस फुकट चालवून बघता येतं. मिग-२१साठी ते १४ दिवस त्यानं परीक्षेनंतरच्या सुट्टीत ठेवलेत, आणि ब्रेकचा खटका व रडर एकत्र दाबायचा सराव आतापासूनच चालू केलाय.