डबल-एचे फलंदाज मातीतल्या चेंडूला बॅट लावत नाहीत

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये उतरणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. तिथले क्लब नवे खेळाडू ड्राफ्टमध्ये, म्हणजे फेरीफेरीने पाळीपाळीने, निवडतात. २०१९ च्या ड्राफ्टला ४० फेऱ्या होत्या. माझं नाव २८ व्या फेरीत आलं. आता फेऱ्या २० च असतात, म्हणजे तेव्हाचा मी आज ड्राफ्टमध्ये बसलोच नसतो. तरी धीर सोडू नका, ड्राफ्टबाहेरही करार होतात. पण सही करण्याआधी पदवीच्या उरलेल्या वर्षांचा खर्च क्लबने द्यायची अट लिहून घ्या. माझी आई त्यासाठी हटून बसली होती. तेव्हा मला तिचा राग आला होता, आज तिचे पाय धरावेसे वाटतात.

शिडी तुम्हाला ठाऊक आहेच: खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि सगळ्यात वर मेजर लीग. २०२० चा मोसम कोविडने बुडाला, २०२१ ला मी सिंगल-एला आणि २०२२ ला हाय-एला होतो. मी डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. फास्टबॉल जेमतेम ताशी ९० मैल, सगळी भिस्त कर्व्हबॉलवर, म्हणजे वळत खाली पडणाऱ्या चेंडूवर. दोन स्ट्राइक झाल्या की कर्व्ह प्लेटपुढच्या (फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीपुढच्या) मातीत टाकायचो आणि समोरचा पोरगा बॅट फिरवून परत जायचा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद) भरपूर, घरी रोज फोन, वडील न्यू जर्सीतल्या मित्रांना आकडे वाचून दाखवायचे.

हे नीट समजून घ्या, मला कुणी एवढं फोडून सांगितलं नव्हतं. स्ट्राइकआउट मांडला की तो चेंडू स्ट्राइक झोनमध्ये (प्लेटवर, साधारण फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या जागेत) होता की बाहेर, हे आकड्यात दिसत नाही. माझे बहुतेक बाहेरचे होते. फलंदाज फसला म्हणून स्ट्राइक, नाहीतर तो बॉलच, आणि चार बॉल झाले की फलंदाज फुकट पहिल्या बेसवर. हाय-एला आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून माझा चेंडू झेलणारा, म्हणाला होता, ‘तुझा कर्व्ह झोनमध्ये पडतच नाही.’ मी मान डोलावली आणि तेच करत राहिलो, कारण आकडे छान होते.

२०२३ ला डबल-ए. तिथल्या फलंदाजांनी बॅट हलवलीच नाही. एक बॉल, दोन बॉल. दोन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना पिचरला झोनमध्ये यावंच लागतं, आणि माझ्याकडे झोनमध्ये टाकायला फक्त तो फास्टबॉल, हे त्यांनाही कळायचं. पहिल्या तीन सामन्यांत नऊ डावांपैकी चौथाही पाहिला नाही. मी आणखी जोर लावला. तिथेच घोळ झाला, कारण दोष वेगात नव्हताच.

म्हणून सिंगल-एलाच प्रत्येक सामन्यानंतर चेंडूंचा तक्ता मागा. आपल्या स्ट्राइकआउटपैकी किती चेंडू फलंदाजाने सोडले असते तरी स्ट्राइक ठरले असते, ते मोजा. निम्मेही नसतील तर आजच पहिलाच चेंडू कर्व्ह टाकून तो झोनमध्ये पाडायला शिका. मार बसेल. सिंगल-एला बसलेला परवडतो.

सहा आठवड्यांत पाच मैल वेग वाढवून देणाऱ्या शिबिरांपासून लांब राहा. मी पैसे भरले आणि खांदा दुखवून परतलो. खरा गुरू कॅचर. कोच फळीपलीकडून बघतो, तुमचा चेंडू हातात येतो तो कॅचरच्याच.

पैशांचं थोडक्यात: २०२२ पासून राहायची सोय क्लब करतो आणि २०२३ च्या करारात डबल-एचा किमान वार्षिक पगार ३०,२५० डॉलर ठरला. लग्न-घराचे बेत त्यावर होत नाहीत, पण उपाशी राहावं लागत नाही. माझ्या पहिल्या मोसमात हेही नव्हतं.

२०२४ ला मला पुन्हा डबल-एलाच ठेवलं. महिनाभर कुणाचा फोन घेतला नाही. त्याच वर्षी कर्व्ह झोनमध्ये पडू लागला. खालीच अडकलात तर एवढं लक्षात ठेवा, तिथल्या फलंदाजांना तुम्ही आता ओळखता.

ट्रिपल-एचा निरोप आला की आधी तिथले चार चेंडू मागवून घ्या. तिथे मेजर लीगचाच चेंडू असतो, आणि माझ्या बोटांना त्याची शिवण ओळखायला दोन आठवडे लागले.