यू-कोड दिसला की आधी अर्थिंग बघा

गाडीतल्या मॉड्यूलचं, म्हणजे छोट्या कंट्रोल-कॉम्प्युटरचं, आपसातलं बोलणं तुटलं की यू-कोड येतो. स्कॅनरवर यू०१२१ दिसला रे दिसला, की बरेच जण एबीएस मॉड्यूलची, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या मॉड्यूलची, किंमत विचारायला फोन लावतात. चिपळूणला गाड्यांची वायरिंग करताना हे मी नेहमी बघतो. त्या कोडचा अर्थ इतकाच, की दुसऱ्या कुठल्या तरी मॉड्यूलला एबीएसकडून निरोप मिळालेला नाही. यू०१०० इंजिन सांभाळणाऱ्या ईसीएम मॉड्यूलबद्दल, यू०१४० दिवे-लॉक वगैरे सांभाळणाऱ्या बीसीएम मॉड्यूलबद्दल, यू०१५५ डॅशबोर्डवरच्या मीटरबद्दल. कोड ज्याच्या नावाने येतो तो गप्प आहे, पण का गप्प आहे ते कोड सांगत नाही.

म्हणून एकाच मॉड्यूलचे कोड वाचून थांबू नका, सगळी गाडी स्कॅन करा. कोण उत्तर देतंय आणि कोण देत नाही, ते कागदावर मांडा. सगळे मिळून एकाचंच नाव घेत असतील, तर त्या एकाची वीज, अर्थिंग (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) किंवा त्याच्याकडे जाणारा फाटा बघायचा. सगळेच एकमेकांची तक्रार करत असतील, तर मुख्य लाईन बघायची, म्हणजे सगळी मॉड्यूल ज्यावरून बोलतात ती कॅन नावाची दोन वायरींची जोडी, एक हाय आणि एक लो. आणि बॅटरी उतरलेली असेल तर स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून खोटे यू-कोड साठतात. बॅटरी चार्ज करा, कोड पुसा, गाडी फिरवा. परत आलेल्या कोडचाच विचार करायचा.

आता मल्टिमीटर. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. १६ नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ आणि ५ ला अर्थ, ६ ला कॅन-हाय, १४ ला कॅन-लो. बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि ६ व १४ मध्ये ओहम मोजा. लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, त्यामुळे ६० च्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एक टोक तुटलेलं आहे. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० आलं तर कोणीतरी जास्तीचा रेझिस्टर जोडलाय. बाहेरून बसवलेलं एखादं यंत्र असेल तर आधी ते काढून बघा. मात्र काही गाड्यांत या सॉकेटमागे गेटवे, म्हणजे सॉकेट आणि आतल्या लाईनींच्या मधे बसलेलं मॉड्यूल, असतो. तिथे आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या तुकड्याचा येतो, त्यामुळे डायग्राम उघडल्याशिवाय निकाल देऊ नका.

बॅटरी परत जोडून चावी चालू केली, की अर्थच्या तुलनेत हाय साधारण २.६-२.७ आणि लो २.३-२.४ व्होल्ट दाखवते. दोन्हींची बेरीज पाचाजवळ. दोन्ही अगदी २.५ वर स्थिर असतील तर कोणी बोलतच नाहीये. एखादी वायर शून्यावर किंवा बारावर अडकली असेल तर शॉर्ट आहे. मग चावी बंद करून एकेक मॉड्यूलचा कपलर (वायरींचा प्लग) काढायचा, परत मोजायचं. ज्याचा कपलर सुटल्यावर आकडा जागेवर येतो, तो किंवा त्याचा फाटा दोषी. एअरबॅगला मात्र या खेळात हात लावायचा नाही. बॅटरी काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबूनच.

आमच्याकडे पावसाळ्यानंतर येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा दोष अर्थिंगचा निघतो. मागे एक गाडी आली होती. एबीएसचा दिवा, स्पीडचा काटा मध्येच शून्यावर, आणि मालकाला दुसरीकडे नवीन मॉड्यूलचा खर्च सांगितलेला. मॉड्यूलच्या कपलरवर मीटर बारा व्होल्टच्या वर दाखवत होता, म्हणजे वरवर सगळं ठीक. मी कपलर काढून त्याच्या पॉझिटिव्ह आणि अर्थच्या पिनांमध्ये ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब लावला. बल्ब पिवळट, काजव्यासारखा पेटला. बल्बचा निगेटिव्ह थेट बॅटरीवर नेला, तर लखलखीत. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट उघडला, तर रिंगेखाली हिरवा चुरा आणि बॉडीवर गंज. मीटर जवळपास करंट घेतच नाही, म्हणून वायरीत एक तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. बल्ब अँपिअरभराहून जास्त ओढतो, तेव्हा खरं काय ते कळतं. घासून, नवीन रिंग मारून, वर ग्रीस लावलं. मॉड्यूल जुनंच आहे.

हा बल्ब फक्त वीज आणि अर्थच्या पिनांवर, आणि पिनेत बळेच काही खुपसू नका, ती सैल झाली की नवा दोष तयार. कॅनच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावायचा नाही, सुईने टोचायचंही नाही. कोकणच्या दमट हवेत त्या भोकातून तांबं काळं पडतं. उंदराने कुरतडलेली कॅन वायर जोडताना दोन सांधे एकमेकांसमोर येऊ देऊ नका, सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि पीळ होता तसाच परत घाला. पिळामुळेच दोन्ही वायरींवर बाहेरचा गोंगाट सारखा पडतो आणि मॉड्यूल फक्त दोघींतला फरक वाचतं.

लोड देऊन वीज चांगली, अर्थ चांगलं, त्याच कपलरवर हाय-लो बरोबर, पिना घट्ट, आणि तरीही स्कॅनरला उत्तर नाही. एवढं झाल्यावर मॉड्यूलची ऑर्डर द्या. जुन्या बाजारातून घेणार असाल तर पार्ट नंबर जुळवा, आणि ते आपल्या गाडीला कोडिंग करून घेता येतं का, ते पैसे देण्याआधी विचारा.