अमेरिकी गुन्हेपटांची डिस्क घेताना

जुन्या अमेरिकी गुन्हेपटाची डिस्क मागवण्यापूर्वी पाकिटामागचा विभाग-क्रमांक, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे सांगणारी खूण, वाचावा. डीव्हीडीसाठी अमेरिका विभाग 1 मध्ये आणि भारत 5 मध्ये येतो, तर ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ आणि आपण ‘सी’. त्यामुळे नागपूरहून आणलेला साधा प्लेअर अमेरिकी डिस्क बहुधा नाकारतो. फोरके (4K, म्हणजे अधिक सुस्पष्ट चित्राच्या) डिस्कला असे विभागबंधन नसते, मात्र तिला स्वतंत्र प्लेअर लागतो.

त्यानंतर आवृत्ती तपासावी. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचा ‘टच ऑफ ईव्हिल’ 1958 साली स्टुडिओने आपल्या मर्जीने कापून प्रदर्शित केला. वेल्स यांनी लिहिलेल्या 58 पानी टिपणाच्या आधारे 1998 मध्ये त्याचे नव्याने संकलन झाले. माझ्या मते आधी हीच आवृत्ती पाहावी, आणि दोन्ही एकाच संचात मिळत असतील तर थोडे अधिक पैसे मोजायला हरकत नाही. 1944 चा ‘डबल इन्डेम्निटी’ जवळपास चौकोनी चौकटीचा आहे, म्हणून टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणे योग्यच. ते घालवण्यासाठी चित्र ताणले की नायिकेचा चेहरा पोळीसारखा पसरतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात डिस्क टिनाच्या छपराखाली ठेवू नये. कापूस साठवलेल्या खोलीत तर नाहीच, कारण तेथील बारीक धूळ पाकिटातही शिरते. पुसताना मऊ सुती कापड मधल्या छिद्रापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये.