स्टॅटिनच्या गोळीने पाय दुखतात? बंद करण्याआधी हे करा

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होऊन महिना झाला, मांड्या भरून यायला लागल्या, की शेजारचे काका सांगतातच, "ती गोळी आधी बंद कर." काकांचं ऐकण्याआधी एक वही घ्या.

१. पाकिटावरचं नाव लिहा. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, जे असेल ते. सोबत मिलिग्रॅम आणि गोळी सुरू केल्याची तारीख.

२. काय दुखतं ते पाहा. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या-पोटऱ्या-खांदे अशा मोठ्या स्नायूंत असतं, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत जाणवतं. एकच गुडघा कुरकुरत असेल तर बहुधा तो गुडघ्याचाच दोष. रविवारी पांडवलेणी चढून आलात आणि सोमवारी पोटऱ्या धरल्या, तर तेही वहीत लिहा.

मनाचाही यात वाटा असतो. ब्रिटनमध्ये त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटूनपालटून काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली तशीच गोळी दिली आणि काही महिने काहीच दिलं नाही. २०२० साली निष्कर्ष आला: स्टॅटिनवर होणाऱ्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग नकली गोळीवरही होत होता. दुखणं खरंच होतं, कारण मात्र बहुतांशी औषध नव्हतं.

३. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा खुर्चीतून उठवेना इतका अशक्तपणा आला, तर वही बाजूला ठेवा. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं क्वचितच होतं, पण स्नायू विरघळून किडनीवर ताण येऊ शकतो.

४. बाकीची औषधं सांगा. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल किंवा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आणि नाशिककरांचा ठरलेला प्रश्न: द्राक्षं चालतात का? खुशाल खा. इशारा असतो तो ग्रेपफ्रूटचा, ते पपनसाच्या जातीचं आंबट फळ आहे. नावातल्या 'ग्रेप'ने घोळ केलाय.

५. तपासण्या डॉक्टरांना विचारून करा: स्नायूंसाठी सीपीके, यकृतासाठी एसजीपीटी. थायरॉइड मंद असेल तरी स्नायू दुखतात, म्हणून टीएसएचही. साखर सीमेवर असेल तर तीही बघा, स्टॅटिनने ती थोडी वाढू शकते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर लगेच सांगा.

६. वही घेऊन जा. डॉक्टर डोस कमी करतील, दुसरं स्टॅटिन देतील, काहींना दिवसाआड चालतं, काहींना एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध जोडतात. स्टेंट बसलाय किंवा अटॅक येऊन गेलाय, त्यांनी तिसऱ्या मुद्द्यातलं काही नसेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही गोळी चुकवू नये, मग काका काहीही म्हणोत.