थंड इंजिनापासून सुरुवात: जुनी लहान मोटारसायकल घेताना आणि सांभाळताना

जुनी मोटारसायकल पाहायला जाण्यापूर्वी विकणाऱ्याला एकच विनंती करावी की, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तेथे पोहोचल्यावर रंग, सीट, मीटर यांच्याकडे लक्ष जाण्याआधी इंजिनाच्या खालच्या भागावर तळहात टेकवून पाहावा. इंजिन थंड लागले तर पुढे जावे. कोमट लागले तर शांतपणे कारण विचारावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येण्याची तयारी ठेवावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाची पहिली दोन मिनिटे जे दाखवतात, ते तापलेल्या इंजिनात सहज झाकले जाते. माझ्या पहिल्या जुन्या गाडीच्या वेळी मी हा हात लावला नव्हता. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली, आवाज गोड वाटला आणि मी लगेच व्यवहार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघाला आणि महिन्याभरात इंजिनाचे हेड उघडावे लागले. तेव्हापासून कोणाही परिचितासोबत गाडी पाहायला गेलो की माझा हात आधी इंजिनाकडे जातो.

सुरू करण्यापूर्वी, स्विच बंद ठेवून, किकचा दांडा हाताने सावकाश खाली दाबावा. एका ठिकाणी ठाम विरोध जाणवला पाहिजे. तो दांडा सैलपणे तळापर्यंत गेला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कमी आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. मग इंजिन सुरू करून मागे उभे राहावे. थंड हवेत सायलेन्सरमधून निघणारी आणि थोड्याच वेळात नाहीशी होणारी पांढरी वाफ चिंतेची नसते. काळा धूर म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त. चोक ओढलेला राहिला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा कार्बोरेटरचे काम असेल, आणि हा खर्च बहुधा आवाक्यातला असतो. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. तो फक्त सुरू करताना, किंवा रेस सोडून पुन्हा देताना दिसला तर व्हॉल्व्हचे सील थकलेले असण्याचा संभव अधिक. गाडी ओढत असताना सतत दिसला तर पिस्टनच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असण्याचा. दोन्हींच्या खर्चात बराच फरक आहे, म्हणून धूर केव्हा येतो हे नीट पाहणे महत्त्वाचे.

आवाजाच्या बाबतीत लोकांचा एक गैरसमज असा की, इंजिन जितके शांत तितके चांगले. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची, हलकी, नियमित टिकटिक लहान एअर-कूल्ड इंजिनात स्वाभाविक असते. उलट विक्रीपूर्वी आवाज घालवण्यासाठी टॅपेट अतिघट्ट केलेले असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू जळतो. मंद गतीवर बाजूने येणारी खडखड टायमिंग चेनची (इंजिनाच्या आतल्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेनची) असू शकते आणि ती चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर बदलून जाते. पण रेस देताना इंजिनाच्या पोटातून, खालून, ठोकल्यासारखा जड आवाज आला तर तो पिस्टनखालच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असण्याची भीती असते. अशी गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी.

आता ऑइल. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक इंजिनांत सुमारे एक लिटर ऑइल असते, आणि तेवढेच ऑइल पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स आणि क्लच या सर्वांचे वंगण करते आणि इंजिनाची उष्णताही वाहून नेते. त्यातले दोन-तीनशे मिलिलिटर कमी झाले की चतुर्थांश भांडवल गेले. म्हणून आधीच्या मालकाने गाडीची राखण कशी केली हे जाणून घ्यायचे असेल तर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी काठी) काढावी, ऑइलचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळावा आणि बोटे उजेडात धरावीत. काळे पण गुळगुळीत ऑइल म्हणजे बदलण्याची वेळ झाली, एवढेच. त्यात धातूची चमक दिसली, तर आतले काहीतरी झिजत आहे. दुधाळ रंग असेल तर पाणी शिरले आहे. पातळी खुणेच्या वर असून पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल इंजिनात उतरत असावे. आणि काठीला काहीच लागले नाही, तर त्या घरात ऑइल कधी पाहिलेच गेले नाही, हे समजून पुढचे बोलणे करावे.

याच कारणाने मी किलोमीटर आणि उत्पादनाचे वर्ष यांना दुय्यम मानतो. केबलवर चालणारा मीटर केबल तुटली की थांबतो, आणि तो महिनोन्महिने तसाच राहू शकतो. मीटरवरील आकडा खरा की खोटा याचा वाद घालण्यापेक्षा पायाखालच्या फूटरेस्टचे रबर, गिअर लिव्हरचे टोक आणि ब्रेक पेडल पाहावे. आकडा कमी आणि पेडल घासून गुळगुळीत, हे जुळत नाही. नियमित ऑइल बदललेले जास्त चाललेले इंजिन हे कमी चाललेल्या पण दुर्लक्षित इंजिनापेक्षा अधिक भरवशाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

चासीची, म्हणजे फ्रेमची, तपासणी सावकाश करावी, कारण इंजिन दुरुस्त होते, वाकलेली चासी क्वचितच पूर्ववत होते. गाडी डबल स्टँडवर उभी करून, मागे काही पावले जाऊन, खाली बसून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहावे. हँडलच्या खाली, जेथे फ्रेमच्या नळ्या एकत्र येतात, तेथे रंगाला सुरकुती, तडा किंवा नवा वेल्डिंगचा डाग असेल तर समोरून मोठा ठोका बसलेला आहे. लिव्हरची टोके, हँडलच्या कडा आणि फूटरेस्टची टोके घासलेली असणे हे केवळ गाडी पडल्याचे चिन्ह आहे आणि पुष्कळ गाड्या कधी ना कधी पडतात. पण एकाच बाजूला सर्व खुणा असतील आणि हँडलही तिरके असेल तर अधिक खोलात जावे. मग कोणाला तरी मागे दाब देऊन पुढचे चाक अधांतरी धरायला सांगावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवावे. अगदी मधोमध ते अडकल्यासारखे, खाचेत बसल्यासारखे वाटले तर हँडलचे बेअरिंग खराब झाले आहे. फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे) पाय धरून पुढे-मागे ओढल्यावर खटका जाणवला तर ते ढिले आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर ऑइलची ओल असेल तर सील गेले आहे. मागचे चाक बाजूने हलवून पाहावे. त्यात चाकाचे बेअरिंग आणि स्विंग आर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश अशा दोन्हींचा ढिलेपणा कळतो.

चेनची परीक्षा सोपी आहे आणि फसवत नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला, जेथे चेन दातांना वळसा घालते, तेथे एक कडी चिमटीत धरून मागे ओढावी. चेन दातांना चिकटून राहिली तर ठीक. ती उचलली जाऊन खाली अर्ध्याहून अधिक दात उघडा दिसू लागला तर चेन संपली आहे. दात एका बाजूला लाटेसारखे झुकलेले असतील तर स्प्रॉकेटही गेले. अशा वेळी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतात, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर ताणली जाते. हा खर्च किमतीतून वजा करून मागण्यात संकोच वाटून घेऊ नये.

टायरच्या नक्षीबरोबर त्याचे वयही पाहावे. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी बाजूला बारीक भेगा पडलेला टायर बदलावाच. टाकीचे झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात आत गंज पाहावा. बॅटरीला व्होल्टमीटर लावता आला तर काही तास उभ्या असलेल्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट आणि इंजिनाला रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 च्या दरम्यान मिळाले पाहिजे. काही जुन्या लहान गाड्यांत हेडलाइट थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो आणि मंद गतीवर तो मिणमिणतो. तो दोष नव्हे.

चालवून पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर असताना एकदम पूर्ण रेस द्यावी. इंजिनाचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही तर क्लच प्लेट घसरत आहेत. प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन आणि सोडून पाहावे, गिअर आपोआप सुटतो का ते कळते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर हँडलवरची पकड किंचित हलकी करावी, हात मात्र सोडू नयेत. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर चाके, बेअरिंग किंवा फ्रेम यांपैकी काहीतरी वाकडे आहे. पुढचा ब्रेक दाबताना लिव्हर लयीत धडधडला तर डिस्क वाकलेली आहे किंवा ड्रम गोल राहिलेला नाही.

कागदपत्रांबाबत थोडेच सांगायचे आहे, पण ते टाळण्यासारखे नाही. फ्रेमवर कोरलेला चासी क्रमांक आणि क्रँककेसवरचा इंजिन क्रमांक स्वतः, अक्षर न् अक्षर, नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा असतील, किंवा विकणारी व्यक्ती आणि कागदावरचा मालक वेगळे असून त्याचे समाधानकारक कारण मिळत नसेल, तर तेथून परत फिरावे. मालकी आपल्या नावावर होण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल बदलावे, एअर फिल्टर आणि प्लग काढून पाहावा, ब्रेकचे शू किंवा पॅड तपासावेत आणि डिस्क ब्रेक असेल तर त्यातले फ्लुइड नवे भरावे. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलणे योग्य. त्या दिवशीचा मीटरचा आकडा आणि केलेली कामे एका वहीत लिहून ठेवावीत. आधी काय झाले हे आपल्याला कधीच पूर्णपणे कळणार नाही. पण येथून पुढचा प्रत्येक बदल आपल्या हातचा असेल.

ऑइल विकत घेताना डब्यावर जासो (जपानी वाहन मानक संस्था) एमए किंवा एमए2 हा दर्जा लिहिलेला पाहावा. लहान मोटारसायकलींचा क्लच बहुधा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारगाड्यांच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, ज्यांमुळे क्लच घसरू लागतो. एमबी हा दर्जा प्रामुख्याने स्कूटरसारख्या, कोरडा क्लच असलेल्या वाहनांसाठी आहे. ऑइलचा घट्टपणा 10डब्ल्यू-30 की 20डब्ल्यू-40 याचा निर्णय गाडीच्या पुस्तिकेवर सोडावा. गाडी सरळ उभी करून पातळी पाहण्याची सवय दर आठवड्याला असावी आणि डिपस्टिक आट्यांत फिरवून बसवायची की नुसती टेकवायची हेही पुस्तिकेतच पाहावे, कारण त्यात चूक झाली की पातळीचा अंदाज चुकतो.

चेनला पाचशे किलोमीटरच्या सुमारास, आणि पावसात भिजल्यावर लगेच, स्वच्छ करून ऑइल द्यावे. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने ऑइल सोडले की ते फिरण्याच्या जोराने बाहेरच्या दिशेला कड्यांत झिरपते. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये फिरणाऱ्या चेनला फडके लावणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना कळकळीने सांगतो की, असे कधीही करू नका. बोट स्प्रॉकेटमध्ये जायला क्षणही लागत नाही. चेनची वर-खाली ढिलाई बहुतेक लहान गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर असते आणि चेन ज्या ठिकाणी सर्वांत घट्ट वाटते त्या ठिकाणी ती मोजावी. फार घट्ट चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते, म्हणून घट्टपेक्षा किंचित सैल बरी. जोडकडीला क्लिप असेल तर तिचे बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवे.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावेत. फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, किंचित ऑइल लावून परत बसवता येतो. कागदी फिल्टर मात्र बदलावाच लागतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन नीट जळत आहे. कोरडी काजळी जास्त पेट्रोल दाखवते, ओला तेलकट थर ऑइल जळत असल्याचे. टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो.

गाडी महिनाभर किंवा अधिक काळ उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आतल्या मोकळ्या जागेत ओलावा धरून गंज येत नाही. कार्बोरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून त्याच्या खालच्या स्क्रूतून उरलेले पेट्रोल काढून टाकावे. ते आत सुकले की चिकट थर धरून जेट (पेट्रोल जाण्याची बारीक छिद्रे) तुंबतात. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी. परत रस्त्यावर आणताना आधी टायरची हवा आणि दोन्ही ब्रेक पाहावेत, मग स्विच बंद ठेवूनच दहा-बारा वेळा किक मारावी, म्हणजे तळाशी बसलेले ऑइल वरपर्यंत पोहोचू लागते. त्यानंतर स्विच सुरू करावा आणि पहिली काही मिनिटे रेस न वाढवता इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहावे.